निळी चकती आणि लाल दिवा

एका वादळी रात्रीनंतर सकाळी माझा राउटर सुरू झाला नाही. तो ज्या मल्टिप्लगमध्ये लावला होता त्यावर ठळक अक्षरांत ‘सर्ज प्रोटेक्शन’ छापलेलं होतं. मल्टिप्लगचा लाल दिवा नेहमीसारखा लागलेला होता आणि त्याच्या चारही सॉकेटांत वीज येत होती. मग राउटर गेला कसा? मल्टिप्लग भिंतीतून काढला आणि मागचे स्क्रू सोडवून उघडला. आत नाण्याएवढ्या तीन निळ्या चकत्या होत्या. त्यांतल्या एकीचा लेप कडेला फुटला होता. आजूबाजूला काजळी धरली होती, नाकाशी नेल्यावर जळका वास येत होता. तिच्या वाटेवरचा लहानसा थर्मल फ्यूज तुटला होता. लाल दिव्याच्या दोन बारीक तारा मात्र या चकत्यांकडे गेल्याच नव्हत्या. त्या सरळ फेज आणि न्यूट्रलला, म्हणजे वीज आणणाऱ्या आणि परत नेणाऱ्या तारांना, जोडल्या होत्या. चकती त्या रात्री गेली की कित्येक महिने आधीच, हे त्या दिव्याला कधी कळणारच नव्हतं.

भिंतीच्या सॉकेटवर बसणारा असा मल्टिप्लग दोन कामं करतो. एका सॉकेटचे चार-सहा सॉकेट करतो, आणि विजेचा दाब अचानक उसळला, म्हणजे झटका किंवा सर्ज आला, तर उपकरणांची राखण करतो. पहिलं काम पितळी पट्ट्यांचं, दुसरं या चकत्यांचं. पट्ट्या वर्षानुवर्षं टिकतात, चकत्या झिजतात. आणि चकत्या संपल्या तरी बऱ्याच मल्टिप्लगांत वीज येतच राहते, म्हणून राखण संपल्याचं घरात कुणालाच कळत नाही. मल्टिप्लग निवडताना आणि वापरताना ही एक गोष्ट मनात असली, तर बाकीचे बहुतेक प्रश्न आपोआप सुटतात.

आधी झटक्याचं बघू. आपण २३० व्होल्ट म्हणतो ती सरासरीची एक रीत आहे. प्रत्यक्षात हा दाब प्रत्येक फेऱ्यात शून्यापासून ३२५ व्होल्टपर्यंत चढतो आणि उतरतो. १२० व्होल्टच्या पुरवठ्यात तो १७० पर्यंत जातो. सेकंदाला ५० फेरे धरले, तर एका फेऱ्याला २०,००० मायक्रोसेकंद लागतात. सर्ज म्हणजे या संथ लाटेवर अचानक उठणारा उंच सुळका. प्रयोगशाळेत सर्ज प्रोटेक्टर तपासायला विद्युतप्रवाहाची जी ठरावीक लाट वापरतात, ती ८ मायक्रोसेकंदांत माथ्याला पोचते आणि सुरुवातीपासून २० मायक्रोसेकंदांत निम्म्यावर येते. म्हणजे विजेच्या एका फेऱ्याच्या हजाराव्या हिश्श्यात ती निम्मी ओसरलेली असते. मीटरजवळच्या एमसीबीला, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचला, तुटायला काही मिलिसेकंद तरी लागतात. ती तुटेपर्यंत झटका येऊन गेलेला असतो. ‘आमच्याकडे चांगली एमसीबी आहे’ हे उत्तर म्हणूनच इथे लागू पडत नाही.

झटका येतो कुठून? आभाळातल्या विजेचं नाव सगळ्यात आधी घेतलं जातं, आणि तिने तारेजवळ कुठेही धडक दिली तरी तिचा धक्का घरापर्यंत पोचू शकतो. पण लहानसहान झटके जास्त करून घरातच तयार होतात. फ्रीजचा कॉम्प्रेसर, पाण्याची मोटर, एसी यांच्या आत तारेची गुंडाळी असते. गुंडाळीतून वाहणारा प्रवाह अचानक तोडला की तो थांबायला तयार नसतो. जोरात वाहणारा नळ झटकन बंद केल्यावर पाइप धाडकन हादरतो, तसंच हे होतं. प्रवाह जितक्या झपाट्याने तोडाल, तितका दाब उसळतो. असा एकेक झटका उपकरण जाळत नाही, पण राउटर, टीव्ही, कम्प्युटर यांच्या आतल्या नाजूक भागांना रोज थोडं थोडं चावत राहतो. त्याच वेळी निळ्या चकतीलाही.

ती चकती आहे तरी काय? तिचं नाव मेटल ऑक्साइड व्हॅरिस्टर, कारागिरांच्या तोंडी एमओव्ही. त्वचेवर लावायच्या मलमांत जी पांढरी पूड असते तीच इथे मुख्य: झिंक ऑक्साइड. तिच्यात बिस्मथ, कोबाल्ट, मँगनीज यांची ऑक्साइडं किंचित मिसळतात, दाबून चकती करतात आणि १,००० अंश सेल्सियसच्या वर भाजतात. भाजल्यावर आत सूक्ष्म कण तयार होतात आणि कणाकणांमध्ये अगदी पातळ सीमा उरते. गंमत या सीमेची आहे. तिच्यावर साधारण ३ व्होल्टपर्यंत दाब असेल तर ती प्रवाह अडवते, त्याहून जास्त झाला की एकदम वाट मोकळी करते. २३० व्होल्टच्या पुरवठ्यासाठी नेहमी वापरतात ती चकती ४३० व्होल्टच्या आसपास उघडू लागते. म्हणजे तिच्या जेमतेम दोनेक मिलिमीटर जाडीत अशा १४० च्या आसपास सीमा एकीपुढे एक उभ्या असतात. प्रत्येक सीमा आपापले ३ व्होल्ट सांभाळते आणि सगळ्या मिळून घराची वीज रोखून धरतात. झटका आला की सगळ्या एकदम वाट सोडतात, तीही सेकंदाच्या काही अब्जांश भागात, आणि जादा प्रवाह उपकरणात न जाता चकतीतून न्यूट्रलकडे किंवा जमिनीकडे वळतो. झटका ओसरला की वाट पुन्हा बंद. जपानमधल्या मात्सुशिता कंपनीत मिचिओ मात्सुओका यांनी हा गुण अभ्यासला आणि त्यांचा शोधनिबंध १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. इतक्या साध्या पुडीतून इतका चपळ दरवाजा तयार होतो, याचं मला अजूनही नवल वाटतं.

पण दरवाजा दर वेळी थोडा खिळखिळा होतो. मोठा झटका गेला की काही सीमा भाजून निकामी होतात, आणि उरलेल्यांवर जास्त भार येतो. मग चकती उघडण्याचा दाब खाली सरकतो. झटका नसतानाही तिच्यातून थोडा प्रवाह झिरपू लागतो आणि ती कोमट राहते. कोमट झाली की आणखी झिरपते, आणखी तापते. हे चक्र वेळेवर तुटलं नाही तर आग लागू शकते. म्हणून चकतीला चिकटून थर्मल फ्यूज हवाच. ठरावीक तापमानाला तो वितळतो आणि चकतीला पुरवठ्यापासून वेगळं करतो. माझ्या मल्टिप्लगमध्ये त्याने घर वाचवलं, हे मी कृतज्ञतेने लिहितो. राउटर गेला, पण प्लास्टिक पेटलं नाही.

आता खोक्यावरचे आकडे. सगळ्यांत मोठ्या अक्षरांत ज्यूल, म्हणजे चकत्या किती ऊर्जा पचवू शकतात ते, छापलेले असतात, आणि लोक तेवढेच बघून निवड करतात. एक किलोचं वजन सुमारे १०० मीटर उंच न्यायला १,००० ज्यूल लागतात, म्हणून आकडा भारदस्त वाटतो. पण तो आतल्या सगळ्या चकत्यांची बेरीज असतो, आणि एखादा झटका सगळ्यांत सारखा वाटला जाईलच असं नाही. ज्यूल म्हणजे टाकीतलं पाणीही नव्हे, की इतकं वापरलं आणि इतकं उरलं. तीच चकती लहान झटके हजारोंनी सोसते आणि एका फार मोठ्या झटक्यात संपते. ज्यूल जास्त म्हणजे आयुष्य साधारणपणे जास्त, एवढाच अर्थ घ्यावा.

मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो झटका अडवून किती दाब पुढे सोडला जातो, हा आकडा. त्याला क्लॅम्पिंग व्होल्टेज म्हणतात. यूएल १४४९ या अमेरिकी मानकाप्रमाणे तपासलेल्या वस्तूवर तो ३३०, ४००, ५०० व्होल्ट अशा पायऱ्यांत लिहितात आणि ३३० ही सर्वांत खालची पायरी आहे. आयईसी ६१६४३ मालिकेतल्या आंतरराष्ट्रीय मानकांत तोच विचार ‘यू-पी’ या खुणेने किलोव्होल्टमध्ये दिलेला असतो. दोन्हीकडे आकडा कमी तितकं बरं, पण तुलना एकाच व्होल्टेजच्या आणि एकाच मानकाच्या वस्तूंत करावी. १२० व्होल्टच्या घरासाठी बनवलेला ३३० वाला मल्टिप्लग २३० व्होल्टच्या सॉकेटात लावणं थेट धोक्याचं आहे. तिथल्या रोजच्या वीजदाबालाच त्याच्या चकत्या उघडतील आणि जळतील. परदेशातून कुणी मल्टिप्लग आणला, तर अडॅप्टर लावून वापरण्याआधी मागचा आकडा वाचाच. ज्या खोक्यावर नुसतं ‘सर्ज प्रोटेक्शन’ आहे आणि एकही आकडा किंवा मानक नाही, ते मी हातात घेऊन परत ठेवतो.

चकत्या किती आणि कुठे जोडल्या आहेत, हेही विचारायला हवं. चांगल्या मल्टिप्लगमध्ये तीन वाटा राखलेल्या असतात: फेज ते न्यूट्रल, फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ. यांतल्या दोन वाटा अर्थिंगवर अवलंबून आहेत. सॉकेटचं तिसरं भोक नुसतंच भोक असेल आणि मागे अर्थची तार नसेल किंवा तुटलेली असेल, तर तिथे लावलेला कितीही उत्तम सर्ज प्रोटेक्टर अर्धवटच काम करतो. त्यामुळे नवा मल्टिप्लग घेण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलावून त्या सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या. सगळ्यात जास्त फायदा बहुधा यातच आहे. अर्थिंगची सोय नसलेल्या दोन पिनांच्या मल्टिप्लगकडून पुऱ्या राखणीची अपेक्षा ठेवू नका.

याहून एक मोठा गैरसमज आहे. सर्ज प्रोटेक्टर फक्त मायक्रोसेकंदांचा पाहुणा परतवतो. अनेक घरांचा सामायिक न्यूट्रल तुटला आणि २३० चा दाब ३५० कडे गेला, तर तो मिनिटं-मिनिटं तसाच राहतो. तेव्हा चकती प्रत्येक अर्ध्या फेऱ्यात उघडत राहते आणि काही क्षणांत भाजून जाते. त्यासाठी दाब ठरावीक मर्यादेबाहेर गेल्यावर पुरवठाच तोडणारं वेगळं उपकरण लागतं. दाब कमी झाल्यावर सर्ज प्रोटेक्टर काहीच करत नाही, ते काम स्टॅबिलायझरचं. आणि घरावर थेट कोसळणाऱ्या विजेत हजारो अँपिअर असतात. तिच्यापुढे नाण्याएवढी चकती टिकत नाही. गडगडाट सुरू होण्याआधी प्लग काढून ठेवणं हा आजही सगळ्यांत खात्रीचा उपाय आहे.

राउटर, सेट-टॉप बॉक्स, डेस्क फोन यांच्याबाबतीत आणखी एक वाट उघडी राहते. त्यांच्यात वीज एका तारेने येते आणि सिग्नल दुसऱ्या तांब्याच्या तारेने. सगळी राखण प्लगच्या बाजूला केली आणि झटका अँटेनाच्या किंवा टेलिफोनच्या तारेने आला, तर तो उपकरणातूनच बाहेरची वाट शोधतो. अशा ठिकाणी सिग्नलची तारही ज्यातून नेता येते असा मल्टिप्लग घ्यावा, म्हणजे दोन्ही तारांचं अर्थिंग एकाच जागी होतं. इंटरनेट काचेच्या ऑप्टिकल फायबरने येत असेल, तर ही चिंता नाही. काचेतून वीज वाहत नाही.

आता रोजच्या वापराचं. इथे धोका झटक्यापेक्षा उष्णतेचा जास्त असतो. मल्टिप्लगवर १० अँपिअर लिहिलं असेल, तर २३० व्होल्टला सगळ्या सॉकेटांची मिळून मर्यादा २,३०० वॅट होते, प्रत्येक सॉकेटची वेगळी नव्हे. एक हीटर किंवा इस्त्री ती जवळजवळ एकटीच खाऊन टाकते. ही उपकरणं सरळ भिंतीच्या सॉकेटात लावावीत. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, आणि ती सगळ्यात जास्त सैल जोडाशी साठते. सैल पिनेच्या जोडाला फक्त ०.१ ओहम अडथळा असला आणि तिथून १० अँपिअर गेले, तर नखाएवढ्या जागेत १० वॅट उष्णता सतत तयार होते. बारीक कामाचं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं, यावरून अंदाज घ्या. सॉकेटजवळचं प्लास्टिक पिवळं पडणं, प्लग सैल बसणं, हात लावल्यावर मल्टिप्लग गरम लागणं, ही लक्षणं दिसली की वापर तिथेच थांबवावा.

भिंतीवरच्या मल्टिप्लगला वायर नसते, हा त्याचा गुण आणि दोषही. वायर पायात येत नाही, पण त्याचं आणि त्यात खोचलेल्या चार्जरांचं सगळं वजन सॉकेटच्या स्प्रिंगपट्ट्यांवर लोंबकळतं. काही महिन्यांत पट्ट्या सैल होतात आणि वरचं उष्णतेचं गणित सुरू होतं. म्हणून भिंतीला टेकून बसणारा, शक्य असेल तर स्क्रूने पक्का होणारा घ्यावा. सोफ्यामागे, पडद्याआड तो दाबून बसवू नये. एका मल्टिप्लगमध्ये दुसरा कधीही लावू नये. आणि फ्रीज वा मोटर राउटरच्याच मल्टिप्लगवर घेऊ नये. नाहीतर झटका तयार करणारा आणि तो सोसणारा एकाच छपराखाली येतात आणि चकती लवकर झिजते.

नव्या मल्टिप्लगमध्ये मी आता दोन वेगळे दिवे बघतो: एक वीज असल्याचा, दुसरा संरक्षण शाबूत असल्याचा. काही मल्टिप्लग राखण संपली की पुरवठाच बंद करतात. गैरसोय होते, पण मला तेच पसंत आहेत, कारण ते काम संपल्यावर गप्प बसत नाहीत. विकत आणल्याची तारीख मी मार्करने मागच्या बाजूला लिहितो, आणि जोराचं वादळ होऊन गेलं की संरक्षणाचा दिवा बघून येतो.

जुना मल्टिप्लग ई-कचऱ्यात टाकण्याआधी मी त्याच्या पिना पक्कडीने वाकवल्या. तो लाल दिवा बघून कुणीतरी तो पुन्हा भिंतीत लावला असता.