दातदुखी

दात, हिरडी किंवा दाताभोवतीचे हाड यांतील कीड, इजा वा जंतुसंसर्ग यांमुळे होणारी वेदना म्हणजे दातदुखी. दाताच्या बाहेरील कठीण आवरणाला, दंतवल्काला, संवेदना नसते. त्यामुळे कीड तेवढ्यातच असेपर्यंत रुग्णाला काही जाणवत नाही. ती खालच्या दंतिनात उतरली की गार वा गोड खाताना कळ येते, आणि सर्वांत आतील मज्जेला, म्हणजे बोलीतल्या ‘नसे’ला, सूज आली की ठणका लागतो. मज्जा चहूबाजूंनी कठीण भिंतींत कोंडलेली असल्याने सुजेला पसरायला जागा नसते. आडवे झाल्यावर डोक्याकडील रक्ताचा दाब वाढून हा ठणका रात्री असह्य होतो.

पुष्कळदा तो काही दिवसांनी आपोआप थांबतो आणि दवाखाना लांबणीवर पडतो. वस्तुतः तेव्हा मज्जा मृत झालेली असू शकते व संसर्ग मुळाच्या टोकाशी पोहोचून तेथे गळू धरू शकते. म्हणून उपचाराविना थांबलेली दातदुखी चालू ठणक्यापेक्षाही अधिक संशयाने पाहावी.

लवंगेच्या तेलातील युजेनॉलमुळे दात काही काळ बधिर होतो, मात्र हेच तेल हिरडीवर सांडल्यास ती भाजते. ॲस्पिरिनची गोळी दाताशी दाबून धरल्यानेही तोंडात व्रण पडतो. मशेरी लावून दुखणे दडपण्याची सवय तर मुखकर्करोगाला आमंत्रण देणारी आहे. त्यापेक्षा कोमट मीठपाण्याच्या गुळण्या आणि पॅरासिटामॉल बरे. निरोगी प्रौढाने ते एका वेळी ५०० ते १००० मिग्रॅ., किमान चार तासांच्या अंतराने आणि २४ तासांत ४ ग्रॅमपेक्षा अधिक नाही, असे घ्यावे. यकृताचा विकार असल्यास किंवा वजन कमी असल्यास डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. औषधांच्या दुकानातून परस्पर आणलेल्या प्रतिजैविकांनी सुजलेली मज्जा बरी होत नाही. त्यासाठी कीड काढून दात भरणे, रूट कॅनाल किंवा दात काढणे, यांपैकी एक उपाय करावाच लागतो.

गाल किंवा जबड्याखाली सूज, ताप, हिरडीतून पू अथवा न थांबणारा रक्तस्राव असल्यास त्याच दिवशी दंतवैद्याकडे जावे. मधुमेही रुग्णांत संसर्ग झपाट्याने पसरतो. तोंड उघडेनासे होणे, गिळताना वा श्वास घेताना त्रास होणे, जीभ वर उचलली जाणे किंवा सूज गळ्याकडे अथवा डोळ्याकडे सरकणे, ही लक्षणे दिसताच मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे किंवा १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. जिभेखालील असा पसरता संसर्ग जर्मन वैद्य विल्हेल्म फ्रीड्रिख फोन लुडविग यांनी १८३६ मध्ये वर्णिला. बहुधा खालच्या दाढांपासून सुरू होणारा हा विकार श्वासमार्ग बंद करून जीव घेऊ शकतो. दातात काही दोष नसताना, विशेषतः श्रम करताना, खालचा जबडा दुखून छाती दाटत असेल व घाम येत असेल, तर हृदयविकाराची शंका घ्यावी.

मार लागून कायमचा दात मुळासकट निखळल्यास तो मूळ न धरता उचलावा, मळला असल्यास पाण्याखाली क्षणभर धरावा आणि लगेच खोबणीत बसवावा. ते न जमल्यास दुधात ठेवून शक्यतो अर्ध्या तासाच्या आत दंतवैद्याकडे न्यावा. दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत, कारण त्याने खाली वाढणाऱ्या कायमच्या दाताला इजा पोहोचू शकते.