लहान पोरांना दुःख कळत नाही?

वर्षानुवर्षं एक फॉरवर्ड फिरतोय, लहान पोरांना दुःख कळत नाही, दोन दिवसांत विसरतात, त्यांच्यासमोर विषयच काढू नका. तसं वाटणं साहजिक आहे, कारण आपल्याकडे खान्देशात कुणी गेलं की लोक सांत्वनाला दारावर बसायला येतात आणि गेलेल्याचाच पोरगा मागच्या गल्लीत गोट्या खेळत असतो. पण मुलांचं दुःख असंच तुकड्या-तुकड्यांनी येतं, आत्ता रडेल, पाच मिनिटांनी शेव-मुरमुरे मागेल, रात्री परत बिलगेल. मेलेलं माणूस परत येत नाही हे बहुतेकांना साधारण 5 ते 7 वर्षांच्या दरम्यान समजायला लागतं, त्याआधी "आबा कधी येतील" हे दहादा विचारणार, आणि "झोपलेत" सांगितलं तर काही पोरं झोपायलाच घाबरतात, त्यापेक्षा "वारले, त्यांचं शरीर बंद पडलं" असं सरळ सांगितलेलं बरं.

पटत नसेल तर गंधमुक्तीनंतर, म्हणजे दिवसकार्य आटोपून, पाहुणे पांगले की बघा, झोप मोडते का, अंथरूण ओलं होतं का, शाळेच्या टायमालाच पोट दुखतं का. मोठ्या पोरांत चिडचिड दिसते, तिला आपण माज म्हणून मोकळे होतो. महिनोन्महिने असंच चाललं तर मानसोपचाराच्या डॉक्टरला दाखवा, मरायची भाषा केली तर लगेच. आणि एकदा शांतपणे विचारून बघा, "आबांची आठवण येते का रे?" बहुतेकदा पोरगं बोलायला लागतं.