जोब, फ्रँक विल्सन

फ्रँक विल्सन जोब (१६ जुलै १९२५–६ मार्च २०१४) हे अमेरिकन अस्थिशल्यचिकित्सक व क्रीडावैद्यकाचे एक प्रवर्तक होते. त्यांचा जन्म नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ग्रीन्सबरो येथे झाला. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी छत्रीधारी सैनिकांच्या १०१ व्या डिव्हिजनमध्ये वैद्यकीय सेवा केली. पुढे कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा येथून वैद्यकाची पदवी घेऊन ते लॉस अँजेल्समध्ये अस्थिशल्यचिकित्सेकडे वळले. १९६५ मध्ये रॉबर्ट कर्लान यांच्यासह त्यांनी तेथे चिकित्सालय स्थापन केले. डॉजर्स या बेसबॉल संघाचे डॉक्टर आणि सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्राध्यापक अशा दोन्ही नात्यांनी त्यांनी दीर्घकाळ काम केले.

सर्वसामान्यांना त्यांचे नाव माहीत आहे ते कोपरावरील एका शस्त्रक्रियेमुळे. टॉमी जॉन या डावखुऱ्या पिचरच्या (फलंदाजाकडे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूच्या) कोपराचा आतल्या बाजूचा अस्थिबंध (हाडांना एकमेकांशी जोडणारा पट्टा) १९७४ मध्ये तुटला. मनगट किंचित वाकवून अंगठा व करंगळी जुळवली असता मनगटाच्या मधोमध जी कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) उठून दिसते, ती जॉन यांच्या उजव्या हातातून काढून जोब यांनी २५ सप्टेंबर १९७४ रोजी डाव्या कोपराच्या हाडांना पाडलेल्या भोकांतून इंग्रजी आठच्या आकड्यासारखी ओवली. ही कंडरा काहींच्या हातात मुळातच नसते आणि ती काढल्याने पकडीची ताकद फारशी उणावत नाही. यशाची शक्यता त्यांनी शंभरात एक एवढीच धरली होती. जॉन १९७६ मध्ये मैदानात परतले आणि एकूण २८८ विजयांपैकी १६४ त्यांनी शस्त्रक्रियेनंतर मिळवले. जोब यांनी पद्धतशीर निष्कर्ष मात्र १९८६ मध्येच प्रसिद्ध केले. त्यात १६ खेळाडूंपैकी १० जण पूर्वीच्या पातळीवर खेळू शकल्याची नोंद आहे.

अभ्यासाच्या दृष्टीने त्यांचे खांद्यावरील काम अधिक महत्त्वाचे मानावे लागेल. इंगलवुड येथील प्रयोगशाळेत जॅकलिन पेरी आदी सहकाऱ्यांसह त्यांनी खांद्याच्या स्नायूंत बारीक तारा बसवून, चेंडू फेकण्याच्या प्रत्येक टप्प्यात कोणता स्नायू किती काम करतो याचे विद्युत्‌आलेखन केले. हात थोडा पुढे ठेवून खांद्याच्या उंचीपर्यंत उचलायचा, अंगठा जमिनीकडे वळवायचा आणि वरून दिलेला दाब पेलायचा, ही खांद्याच्या वरच्या बाजूच्या सुप्रास्पायनेटस या स्नायूची, आजही बाह्यरुग्ण विभागात रोज केली जाणारी तपासणी त्यांच्या नावाने ओळखली जाते. अंगठा वर ठेवूनही तोच स्नायू तितकाच कामाला लागतो, असे नंतरच्या आलेखनांत आढळले.

फेकणाऱ्याचा खांदा का दुखतो, याबद्दल मतभेद आहेत. चार्ल्स नीर यांनी १९७२ मध्ये मांडले की, खांद्याच्या पात्याचे वरचे टोक (अंसकूट) खालच्या कंडरेवर घासते. म्हणून ते तासावे. तरुण खेळाडूंत या उपायाला बेताचेच यश मिळते असे दिसल्यावर जोब यांनी क्रम उलटा लावला: वारंवार फेकण्याने सांध्याचा पुढचा कोश (सांध्याभोवतीचे आवरण) आधी सैल होतो आणि घर्षण हा त्याचा परिणाम असतो. जिल वॉल्श यांनी १९९२ मध्ये कंडरा सांध्याच्या आतच, पात्याच्या ज्या खोबणीत दंडाचे हाड बसते तिच्या मागच्या कडेवर दाबली जाते हे दाखवले, तर बर्कहार्ट, मॉर्गन व किबलर यांनी २००३ मध्ये मागच्या कोशाचे आखडणे हे मूळ कारण मानले. अलीकडे शेवटच्या मताकडे कल अधिक दिसतो. तथापि तरुणांतील घर्षण हे मूळ कारण नसून परिणाम असू शकतो, हा जोब यांचा मुद्दा टिकून राहिला आहे.

या विचारातूनच खांद्याच्या पुढच्या बाजूचा स्नायू हाडापासून न सोडवता, त्याचे तंतू विलग करून कोश घट्ट करण्याची पद्धत त्यांनी रूढ केली. २७ एप्रिल १९९० रोजी त्यांनी ओरेल हर्शायझर या पिचरच्या खांद्याची पुनर्रचना केली. हर्शायझर पुढील वर्षी परतले आणि २००० पर्यंत खेळले. २०१३ मध्ये कूपर्सटाउन येथील बेसबॉल हॉल ऑफ फेमने जोब यांचा सन्मान केला.