नसलेली मेथड आणि ३०२ चा घोळ

वेब-सर्व्हिसमधली जुनी मेथड (बाहेरून बोलावता येणारं फंक्शन) काढली की "रिडायरेक्ट मारू" असं सगळेच म्हणतात. कोणतं, ते कुणी सांगत नाही. सर्व्हलेटमधलं (सर्व्हरवर रिक्वेस्ट हाताळणाऱ्या जावा कोडमधलं) सेंड-रिडायरेक्ट क्लायंटला ३०२ ('तात्पुरतं दुसरीकडे जा' हा एचटीटीपीचा आकडा) देऊन दुसऱ्या पत्त्यावर पिटाळतं. फॉरवर्ड आतल्या आत रिक्वेस्ट दुसरीकडे सोपवतं, क्लायंटला पत्ताही लागत नाही.

सोपच्या (एक्सएमएल मेसेज पाठवून दूरची मेथड बोलावण्याच्या पद्धतीच्या) काळात हा फरक महागात पडायचा. तिथे सगळ्या मेथडना मिळून यूआरएल एकच, आणि मेथडचं नाव पोस्टने (डेटा सोबत नेणाऱ्या रिक्वेस्टने) आलेल्या एन्व्हलपच्या, म्हणजे त्या एक्सएमएल मेसेजच्या, बॉडीत. म्हणजे मेथड नसली तरी ४०४ ('सापडलं नाही') नाहीच. लॉगमध्ये 'कॅनॉट फाइंड डिस्पॅच मेथड' आणि क्लायंटला ५०० (सर्व्हरची चूक) सह फॉल्ट, म्हणजे सोपचा चुकीचा निरोप.

मग कुणीतरी ३०२ लावतं. खरं तर १९९६ च्या एचटीटीपी १.० च्या अधिकृत नियमांच्या कागदातच नोंद आहे की, काही ब्राउझर ३०२ नंतर पोस्टचं गेट (नुसतं पान मागणारी रिक्वेस्ट) करतात आणि ते चूक आहे. पण चुकणाऱ्यांना सुधारायचं सोडून नवे आकडे काढले गेले: १९९७ ला ३०३ (गेट करूनच जा), १९९९ ला ३०७ (पोस्ट असेल तर पोस्टच ठेवा). २०१४ च्या सुधारित कागदात तर ३०२ वर गेट करायला 'ऐतिहासिक कारणास्तव' मुभाच मिळाली. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

क्लायंटकडून रिक्वेस्ट पाठवणारं जावाचं एचटीटीपी-यूआरएल-कनेक्शनही ब्राउझरचीच री ओढतं. पोस्टचं गेट होतं, एन्व्हलप वाटेतच गळतो, समोरून एचटीएमएल पान येतं आणि एक्सएमएल वाचणारा पार्सर आडवा होतो. 'स्ट्रिक्ट-पोस्ट-रिडायरेक्ट' ही प्रॉपर्टी ट्रू केली तर पोस्ट टिकतो, पण ती लावायची क्लायंटच्या जेव्हीएमवर (जावा चालवणाऱ्या यंत्रणेवर). तो आपल्या हातात कुठे असतो? एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर पाठवलं तर हे कनेक्शन त्या नव्या पत्त्यावर जातच नाही.

२००६ च्या जॅक्स-डब्ल्यूएस (जावातली सोपची एपीआय) २.० मध्ये प्रोव्हायडर इंटरफेस होता: अख्खा मेसेज हातात घ्या, नाव वाचा, हवं तिकडे वळवा. सरळ वाट तीच होती, पण ॲनोटेशनच्या (कोडवर नुसती खूण लावायच्या) सोयीपुढे तिच्याकडे फारसं कुणी वळलं नाही.

रेस्टमध्ये (प्रत्येक गोष्टीला स्वतंत्र पत्ता देणाऱ्या पद्धतीत) पाथ वेगळे, त्यामुळे ४०४ आणि ४०५ ('इथे ही गेट/पोस्ट चालत नाही') नीट मिळतात. २०१३ च्या जॅक्स-आरएस (जावातली रेस्टची एपीआय) २.० मधला प्री-मॅचिंग फिल्टर मेथड शोधण्याआधीच यूआरआय बदलतो. लोक त्यालाही रिडायरेक्टच म्हणतात. २०१८ ला जावा ११ मधून जॅक्स-डब्ल्यूएस बाहेर पडलं. सेंड-रिडायरेक्टला थेट ३०७ देता यायला मात्र २०२४ चं सर्व्हलेट ६.१ उजाडावं लागलं.