स्वच्छतेची जुनी भित्तिपत्रके (सातारा-सांगली परिसर)

रोग कसा टाळावा हे एका चित्रात आणि चार शब्दांत सांगणारा कागद म्हणजे आरोग्याचे भित्तिपत्रक. सातारा-सांगलीकडे मात्र कागदापेक्षा भिंतच जास्त बोलली. पाटण-महाबळेश्वरच्या पावसात चिकटवलेला कागद टिकत नाही. म्हणून छापील पत्रक दवाखान्याच्या आत लागे आणि चावडी, शाळा, एसटी थांबा यांच्या चुन्याच्या भिंतींवर गावचा पेंटर तोच मजकूर गेरूने किंवा ऑइलपेंटने रंगवी. ज्यांना वाचता येत नसे त्यांच्यापर्यंत तो शाळकरी पोरांच्या तोंडून जाई. घोषणांना यमक असण्याचे मोठे कारण हेच: पोरे वाचतात ती ओरडून.

सुरुवात सरकारी हुकमांची आहे. १८९६ मध्ये मुंबईत आलेला प्लेग लवकरच या भागातही पोचला आणि १८९७ च्या साथरोग कायद्याने अधिकाऱ्यांना घरात शिरण्याची मुभा दिली. तेव्हाच्या जाहीरनाम्यांचा सूर धाकाचा होता. शिवाय उंदरावरच्या पिसवा प्लेग पसरवतात हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये मांडले आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. तोवर भर होता घरे धुण्यावर, सामान उन्हात टाकण्यावर. उंदीर पडू लागले की गाव सोडून माळावर झोपड्या घालायच्या, ही रीत लोकांनी अनुभवातून उचलली.

स्वातंत्र्यानंतर भाषा बदलली, आणि सर्वांत लक्षात राहिली ती देवीच्या मोहिमेची घोषणा: ‘देवीचा रोगी कळवा, हजार रुपये मिळवा’. रोगाचे नाव आणि देवतेचे नाव एकच. देवी ‘येते’, तिचा कोप होऊ नये म्हणून घरात सोवळे पाळायचे, अशा समजुतीत वाढलेल्या माणसाला ‘रोगी’ हा शब्द वाचायला लावणे हेच मोठे काम होते. सोबत फोडांनी भरलेल्या मुलाचे चित्र असे, म्हणजे कांजिण्या आणि देवी यांत घोटाळा होऊ नये. भारतातला शेवटचा रोगी मे १९७५ मध्ये सापडला. त्यानंतर बक्षिसाची रक्कम हजारावर नेली गेली, कारण एखादा दडलेला रोगी उरला तर नाही ना, हे पाहायचे होते. म्हणजे ही घोषणा सर्वाधिक झळकली तेव्हा रोग गेलेलाच होता. तरी ती वाया गेली असे मी म्हणणार नाही. शोध न घेता ‘गेला’ म्हणता येत नाही.

नारूचे चित्र काढणे त्याहून अवघड. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरताना नारू झालेला पाय पाण्यात बुडतो, जंताची पिल्ले पाण्यात सुटतात, त्यांना सायक्लॉप्स नावाचे पाण्यातले बारीक जीव गिळतात, आणि ते पाणी पिणाऱ्याच्या पायातून सुमारे वर्षभराने जंत बाहेर येतो. गेल्या उन्हाळ्यातल्या घोटाचा यंदाच्या दुखण्याशी संबंध आहे हे कुणाला पटावे? म्हणून चित्राने कारणाची कहाणी बाजूला ठेवून कृती तेवढी धरली: घागरीच्या तोंडाला फडके बांधून पाणी गाळणारी बाई. फडके घरात असतेच. भारतातला शेवटचा रोगी १९९६ मध्ये राजस्थानात नोंदला गेला आणि २००० मध्ये देश नारूमुक्त ठरला. माझ्या मते चांगल्या पत्रकाची कसोटी हीच: वाचणाऱ्याच्या घरात असलेल्या वस्तूने करता येणारे एकच काम ते सांगते.

‘आठवड्यातून एक दिवस कोरडा दिवस पाळा’ हा संदेश या कसोटीवर माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी तालुक्यांकडे अडतो. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात म्हणून भांडे घासायचेही असते. शास्त्र बिनचूक आहे. पण टँकरची वाट पाहणाऱ्या बाईला रांजण उपडा करायला सांगणे क्रूर आहे. तिथे ‘झाकण घाला, फडके बांधा’ आणि हौदात डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे, हेच सांगायला हवे.

२०००-०१ मध्ये सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने भिंती पुन्हा भरल्या. तेव्हाचे ग्रामविकासमंत्री आर. आर. पाटील हे तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे. या काळातला भाषेचा सर्वांत धीट निर्णय म्हणजे ‘हागणदारीमुक्त’ हा शब्द. चारचौघांत टाळला जाणारा रांगडा शब्द सरकारी फलकावर, गावाच्या वेशीवर, स्वागताच्या ओळीत आला. ‘शौच’ म्हटल्याने जे झाकले जाई ते त्याने उघडे केले.

पुढे फ्लेक्स आला आणि ब्रश धरणारे हात थांबले. जुन्या घोषणांवर नवा रंग, त्यावर सिमेंटचा गिलावा असे थर चढत गेले. मोडकळीला आलेल्या घरांच्या चौकटीशेजारी मात्र पत्र्याच्या साच्यातून उमटवलेली हिवताप मोहिमेची पुसट खूण अजून दिसू शकते: डीडीटी फवारल्याची तारीख.