पार्श्वभूमी : अ‍ॅनालॉग सिंथचा पूर आला कुठून?

जानेवारीत सोलापुरात सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते, त्याच महिन्यात तिकडे कॅलिफोर्नियात अनाहाइमला ‘नॅम’ हे वाद्यउद्योगाचं प्रदर्शन असतं. ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवणाऱ्या आम्हा मंडळींचं एक लक्ष होम मैदानावर आणि एक अनाहाइमकडे. यंदा कोणती कंपनी कोणता सिंथ (सिंथेसायझर, विजेवर स्वर घडवणारं वाद्य) काढणार, याच्या पैजा डिसेंबरपासूनच लागतात. अलीकडे त्या गप्पांत अ‍ॅनालॉग सिंथबद्दल, म्हणजे आकडेमोडीऐवजी थेट सर्किटातून स्वर काढणाऱ्या वाद्याबद्दल, एक वाक्य हमखास येतं : अ‍ॅनालॉगचा बाजार आता भरला, आणखी किती काढणार? याचं उत्तर शोधायचं तर पन्नास-पंचावन्न वर्षं मागं जावं लागतं.

भारतात हे वाद्य लवकर पोचलं होतं. १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत डेव्हिड ट्यूडर या अमेरिकी संगीतकारानं मूग कंपनीचा सिंथेसायझर बसवून दिला. तारांच्या जंजाळातलं ते कपाटाएवढं यंत्र. पुढच्याच वर्षी, १९७० मध्ये, काखेत मारून नेता येईल असा मिनीमूग आला. एका वेळी एकच स्वर, पण बेस असा की ऐकणाऱ्याच्या छातीत वाजावा. १९७८ मध्ये सिक्वेन्शियल सर्किट्स या कंपनीच्या प्रॉफेट-५ ने एकदम पाच स्वर दिले आणि जुळवलेला टोन लक्षात ठेवायची सोयही दिली. १९८२ मध्ये मुंबईत चरणजित सिंग यांनी रोलँडचा ज्युपिटर-८ सिंथ, टीबी-३०३ हे बेसचं आणि टीआर-८०८ हे तालाचं यंत्र घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले. तेव्हा त्या तबकडीकडे कुणी फारसं पाहिलं नाही. पुढं जगभरच्या अ‍ॅसिड हाउसवाल्यांनी (टीबी-३०३ च्या बेसवर नाचाचं संगीत करणाऱ्यांनी) ती शोधून काढून डोक्यावर घेतली. मला त्याचा आजही अभिमान वाटतो.

या सगळ्या यंत्रांचा एक शत्रू होता : उष्णता. अ‍ॅनालॉग ऑसिलेटरमध्ये, म्हणजे मूळ स्वर काढणाऱ्या भागात, स्वर ठरतो ट्रान्झिस्टरच्या गुणधर्मावर आणि तो गुणधर्म तापमानाबरोबर सरकतो. भरपाईची सोय नसेल तर दर अंश सेल्सिअसला साधारण एक-तृतीयांश टक्का. ऐकायला किरकोळ वाटतं, पण मूळ स्वरापासून तीन सप्तकं वर गेलं आणि तापमान पाच अंशांनी बदललं, की काळी-पांढरीमधल्या अंतराच्या निम्म्याहून जास्त फरक पडतो.

हे मी पुस्तकात वाचण्याआधी विजापूर रोडवरच्या एका रिसेप्शनला अनुभवलं. मे महिना होता. एक जुना, हातोहात फिरलेला अ‍ॅनालॉग सिंथ मी दुपारी कूलरच्या खोलीत गायिकेच्या काळी चारला जुळवून ठेवला होता. मंचावर हॅलोजनचा मारा, वर पत्रा. मुखडा गेला, अंतऱ्याला बेस चढला आणि कीबोर्डवाल्यानं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. गायिका सुरात, कीबोर्ड सुरात, बेस तेवढा दोघांनाही सोडून चाललेला. डाव्या हातानं ट्यूनिंगचा नॉब धरून मी ते गाणं पार पाडलं.

म्हणूनच सीईएम३३४० या चिपचं महत्त्व आहे. डग कर्टिस यांच्या कंपनीनं पूर्ण ऑसिलेटर नखाएवढ्या जागेत बसवला, तापमानाच्या भरपाईसकट. प्रॉफेट-५ च्या तिसऱ्या आवृत्तीत हीच चिप होती. तिचं नाव पुढं पुन्हा येणार आहे.

१९८३ मध्ये यामाहाचा डीएक्स७ आला आणि बाजारच उलटला. सोळा स्वर, एफएम ही स्वर घडवायची डिजिटल पद्धत, कितीही तापलं तरी सूर ढळत नाही, शिवाय मिडी या सर्व कंपन्यांच्या सामाईक जोडणीनं दुसऱ्या वाद्याला जोडता येतो. लाखाच्या वर नग खपले. प्रॉफेट-५ सगळे मिळून सहा हजारांच्या आसपास बनले होते, यावरून काय ते समजावं. १९८७ पर्यंत सिक्वेन्शियल बंद पडली होती. जुनी अ‍ॅनालॉग यंत्रं कवडीमोलानं विकली गेली. तीच स्वस्तात मिळालेली यंत्रं, विशेषतः टीबी-३०३, शिकागोच्या पोरांच्या हाती लागली. त्यांनी त्यातून अ‍ॅसिड हाउस हे नवं संगीत काढलं आणि टाकून दिलेल्या डब्यांना सोन्याचा भाव आला.

मागणी परतली, पण माल नव्हता. १९९५ मध्ये क्लाव्हियाच्या नॉर्ड लीडनं अ‍ॅनालॉगची हुबेहूब डिजिटल नक्कल दिली आणि दहा-पंधरा वर्षं बहुतेकांचं त्यावर भागलं. मग कॉर्गनं २०१० मध्ये तळहातावर मावणारा मोनोट्रॉन काढला. २०१२ मध्ये आर्टुरियाचा मिनीब्रूट, २०१३ मध्ये कॉर्गचे एमएस-२० मिनी आणि व्होल्का, २०१६ मध्ये कॉर्गचाच ५०० डॉलरच्या आत चार स्वरांचा मिनीलॉग. त्याच वर्षी सीईएम३३४० चं उत्पादन पुन्हा सुरू झालं. तिच्या नकलाही मुबलक मिळू लागल्या. मूगच्या लॅडर फिल्टरचं (आवाजाची धार कमी-जास्त करणाऱ्या भागाचं) पेटंट १९६९ चं, ते केव्हाच संपलेलं. बोर्डावर सुटे भाग हातानं बसवण्याऐवजी यंत्र बसवू लागलं. २०१८ मध्ये बेहरिंगरनं मिनीमूगच्या सर्किटाचा मॉडेल डी ३०० डॉलरला बाजारात आणला. खुद्द मूगनं २०१६ मध्ये परत काढलेला मिनीमूग त्याच्या दहापटीहून महाग होता. पाठोपाठ ओडिसी, २६००, प्रो-वन, ३०३, ८०८, या साऱ्या जुन्या यंत्रांच्या नकला निघाल्या.

नक्कल म्हणजे काय, हे सोलापूरकराला समजावून सांगावं लागत नाही. भौगोलिक मानांकन मिळूनही ‘सोलापुरी’ म्हणून भलतीकडची चादर विकली जाते, हे आपण रोज पाहतो. इथं माझं मन दोन्हीकडं ओढ घेतं. ज्यानं मूळ वीण काढली त्याचं नुकसान होतं, हे खरं. आणि ज्या पोराला मूळ वाद्य सात जन्मांत परवडलं नसतं त्याच्या हाती ते पडतं, हेही खरं.

अशा बाजाराचं पुढं जे व्हायचं ते झालं. पुन्हा उभी राहिलेली सिक्वेन्शियल २०२१ मध्ये फोकसराइट या कंपनीनं विकत घेतली, २०२३ मध्ये मूग इनम्युझिक या कंपनीकडं गेली. नव्या वाद्यांची दिशा २०१९ पासूनच बदलली होती. आर्टुरियाच्या मायक्रोफ्रीकमध्ये ऑसिलेटर डिजिटल आणि फिल्टर अ‍ॅनालॉग, मिनीलॉग एक्सडीमध्ये दोन अ‍ॅनालॉग ऑसिलेटरांच्या जोडीला तिसरा डिजिटल, हायड्रासिंथ तर पूर्ण डिजिटल. माझा अंदाज असा की पुढची नावीन्याची वाद्यं या मिश्र वाटेवरच येतील. सत्तर-ऐंशीच्या दशकातली नावाजलेली सर्किटं बहुतेक काढून झाली आहेत. संपली आहेत ती सर्किटं, वाजवणारे अजून पुष्कळ शिल्लक आहेत.

आपल्या गावचंच बघा. लग्न, जयंती, गणपती, सगळीकडं रोलँडचा एक्सपीएस कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि ढोलकी-शहनाईचे टोन. माझ्या ओळखीत अ‍ॅनालॉग सिंथ बाळगणारे मोजून तिघे, दुरुस्तीला पुणं-मुंबई गाठायची. एखाद्या कंपनीनं उन्हात टिकणारा, एका बटणावर स्वतः सुरात येणारा आणि टोन लक्षात ठेवणारा छोटा मिश्र सिंथ इथल्या ऑर्केस्ट्रावाल्याच्या खिशाला झेपेल अशा किमतीत दिला, तर त्याला इथं भरलेला बाजार आडवा येणार नाही.

विजापूर रोडवरचा तो जुना सिंथ अजून माझ्याकडं आहे. आता कार्यक्रमाच्या तासभर आधी मी तो मंचावर लावून चालू ठेवतो, उभा पंखा त्याच्यावरून बाजूला वळवतो आणि गायिका आली की तिची पट्टी विचारून मगच सा जुळवतो.