ऑरग्रीव्हची जमीन: कोक भट्ट्यांपासून नव्या कारखान्यांपर्यंत

इंग्लंडमध्ये शेफिल्ड आणि रॉदरहॅम यांच्या मधोमध ऑरग्रीव्ह नावाचं गाव आहे. १८ जून १९८४ रोजी तिथल्या कोक (कोळसा भट्टीत तापवून बनवलेलं, पोलादासाठी लागणारं इंधन) कारखान्याबाहेर संपकरी खाणकामगार आणि पोलीस यांच्यात मोठी धुमश्चक्री झाली. त्या भागात हे नाव आजही कुणी सहजपणे घेत नाही. कोळशाची खाण त्याआधीच, १९८१ मध्ये, बंद पडली होती. कोक भट्ट्या १९९० मध्ये विझल्या.

अशा कारखान्यांच्या जमिनीत डांबर, बेंझीन, फिनॉल आणि सायनाइड हमखास मुरलेलं असतं. यावर जुना उपाय सोपा होता: माती खरवडायची, ट्रक भरायचे आणि दूरच्या खड्ड्यात ओतायची. म्हणजे घाण फक्त पत्ता बदलायची. ऑक्टोबर १९९६ मध्ये ब्रिटनने कचरा पुरण्यावर कर बसवला, पण दूषित जमिनीच्या सफाईतून निघालेल्या मातीला त्यातून सूट दिली! ही पळवाट पूर्ण बंद व्हायला २०१२ उजाडलं. मधल्या काळात, २००४ मध्ये, घातक कचरा साध्या कचऱ्यात मिसळून पुरण्यावर बंदी आली आणि जागेवरच माती सुधारण्याचा हिशेब बिल्डरांना पटू लागला. माझ्या मते, पर्यावरणप्रेमापेक्षा या हिशेबानेच जास्त काम केलं.

ऑरग्रीव्हमध्ये मात्र गोष्ट आणखी वेगळी घडली. नव्वदच्या दशकात तिथे खुली खाण सुरू झाली. जमिनीखाली उरलेला कोळसा काढता काढता सगळी माती उलथीपालथी झाली आणि नव्याने भरली गेली. एरवी खलनायक ठरणाऱ्या कोळशाने इथे सफाईच्या खर्चाला हातभार लावला.

पण अशा भरावावर बांधकाम करणं जोखमीचं असतं. तो वर्षानुवर्षं स्वतःच्या वजनाने बसत राहतो. शिवाय खाणीतला पाण्याचा उपसा थांबला की भूजल वर चढतं, आणि नीट न दाबलेला सैल भराव भिजून एकदम खचतो. म्हणून तो पातळ थरांत टाकून, प्रत्येक थरावर रोलर फिरवून दाबावा लागतो. कधी वर मातीचा ढीग रचून काही महिने ठेवावा लागतो. साध्या गोदामाची फरशी थोडी कलली तर चालून जातं, पण विमानाचे भाग घडवणाऱ्या यंत्राखालची फरशी जराही हलून चालत नाही.

आणि इथे नेमके तसेच कारखाने आले. शेफिल्ड विद्यापीठ आणि बोइंग यांनी २००१ मध्ये उत्पादन संशोधन केंद्र स्थापन केलं आणि त्याभोवती औद्योगिक वसाहत वाढत गेली. केंद्राच्या २००८ च्या इमारतीत वीज आणि उष्णतेसाठी पवनचक्क्या नि जमिनीतल्या उबेचा वापर आराखड्यातच धरला होता. पुढे विमानांची इंजिनं बनवणारी रोल्स-रॉइस आली. २०१८ मध्ये बोइंगने युरोपातला आपला पहिला कारखाना इथेच उघडला.

शेजारी हजारो घरांची नवी वस्तीही उभी राहते आहे. तिला नाव दिलंय वेव्हर्ली.